गेल्या वर्षीच्या हलगीवर यंदाची कुस्ती

आमच्या जुन्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट घुमक्याची आहे. रमजान त्या सीटवर कुणाला बसू देत नाही. एकदा औंधच्या यात्रेला जाताना माझी बायको बरोबर होती, तर तिलासुद्धा मागं कैताळ मांडीवर घेऊन बसावं लागलं. त्यावरून तिनं जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. रमजाननं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तसं त्याला आता खरोखरच कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यातलं सोंग किती आणि बहिरेपण किती हे आम्हालाही सांगता येत नाही.

आम्ही तिघं आहोत. मी श्रीपती, हलगी वाजवतो. रमजान मुलाणी घुमकं वाजवतो. एरवी गावात त्याचं शिलाईचं दुकान आहे. कैताळ माझ्या मेहुण्याकडं, सदाकडं, आणि जीपही तोच चालवतो. गाव औंधच्या जवळ. दिवाळी झाली की आम्ही बाहेर पडतो आणि उन्हाळा संपेपर्यंत सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत जत्रा असेल तिथं असतो. मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर देवळात. जेवण ज्याची जत्रा त्याच्याकडं. माझं पोट या दोन जिल्ह्यांच्या रश्श्यानं कायमचं तिखट झालेलं आहे.

ज्यांनी हलगी लांबूनच ऐकली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हलगी म्हणजे लोखंडी कड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. ती डाव्या खांद्याला पट्ट्यानं अडकवायची. उजव्या हातात आखूड जाड काठी, डाव्या हातात वेताची बारीक छडी. घुमकं म्हणजे गळ्यात अडकवायचा लहान ढोल, त्याचा आवाज जाड. कैताळ म्हणजे पितळी झांजांची जोडी. हलगी बोलते, घुमकं तिला पाय देतं आणि कैताळ दोघांना भांडू देत नाही. कातडं गार पडलं की हलगीचा आवाज बसतो. मग काटक्या नाहीतर उसाचं पाचट पेटवून तिला शेकावी लागते, दर थोड्या वेळानं. आता फायबरच्या हलग्या मिळतात, त्यांना शेक लागत नाही. सदानं हौसेनं एक आणली होती. तिच्यात आम्ही जीपमधले कांदे ठेवतो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्यानं नव्या गाळ्याच्या उद्घाटनाला बोलावलं आणि वर म्हणाला, जरा हळू वाजवा, आत सौदे चालू आहेत. आता हलगी हळू वाजत नाही. ती वाजते, नाहीतर खुंटीला असते. मी तोंड फुगवून बसलो. रमजाननं मात्र एकट्यानं घुमकं घेतलं आणि दाराशी उभं राहून नुसता ठेका धरला. थोड्या वेळानं पोती उचलणाऱ्या हमालांचे पाय त्या ठेक्यावर पडायला लागले. मग एकानं पोतं खाली ठेवलं, दुसऱ्यानं ठेवलं. शेठ बाहेर आला तर दारात सगळे पिवळेधमक हमाल नाचतायत. तो जरा वेळ बघत राहिला आणि मला म्हणाला, आता होऊ द्या तुमचं काय ते. त्या दिवशी आमचे सदरे इतके पिवळे झाले की घरी गेल्यावर बायकोनं विचारलं, कुणाच्या हळदीला जाऊन आलात?

दुसरे एक निवृत्त सुभेदार. आमच्याकडं गावोगाव पोरं फौजेत. कुणी नोकरी पुरी करून आला की गाव त्याची वेशीपासून मिरवणूक काढतं आणि पुढं हलगी हवीच. हे सुभेदार जीपमधून उतरले, मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "चाल अशी ठेवा की कदम चुकायला नको." आयुष्यभर कदम मोजलेला माणूस. मी तशी चाल धरली आणि ते वेशीपासून देवळापर्यंत छाती काढून ताठ चालत गेले. बाकी गाव कंटाळलं. देवळापाशी त्यांची म्हातारी आई ओवाळायला उभी होती. ती मला म्हणाली, "बाबा, माझा ल्योक घरी आलाय. आता तरी त्येला नाचू दे." मी चाल बदलली. म्हातारी आरतीचं ताट सुनेच्या हातात देऊन स्वतःच नाचायला लागली आणि सुभेदारांचा कदम शेवटी चुकला. ते हसत होते आणि रडतही होते. असे दिवस मिळतात म्हणून या धंद्यातले बाकीचे दिवस निघतात.

पण आमची खरी जागा म्हणजे कुस्तीचं मैदान. जत्रेच्या दुपारी हजारो माणूस गोल बसतं, मध्ये लाल माती, आणि त्या मातीच्या कडेला आम्ही तिघं. लोकांना वाटतं आम्ही नुसतं वाजवतो. आम्ही कुस्ती बघत असतो. माझं लक्ष पैलवानांच्या पायांकडं असतं. नुसती खडाखडी चालू असेल तोवर चाल संथ. एकानं दुसऱ्याला खाली घेऊन कब्जा घेतला की चढवायची. डाव लागतोय असं दिसलं की अशी चढवायची की बसलेला माणूस आपोआप उठला पाहिजे. आणि पाठ मातीला लागली, पंचांचा हात वर गेला, की तीन मोठे ठोके देऊन हलगी एकदम बंद.

ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. एवढ्या गर्दीच्या आवाजात पंचाची शिट्टी पैलवानाला ऐकू येत नाही. त्याचं तोंड मातीत असतं, नाहीतर दुसऱ्याच्या काखेत. त्याला कळतं ते हलगीवरून. तीन ठोके पडले आणि हलगी थांबली की कुस्ती संपली, पकड सोडायची. हे त्याला तालमीत कुणी शिकवत नाही. लहानपणापासून मैदानात बसून ते अंगात गेलेलं असतं. म्हणून मैदानात कुस्ती चालू असताना मी कधी घाम पुसायलासुद्धा हात थांबवलेला नाही.

या जागेबद्दल आणखी एक सांगायला हवं. आमच्या समाजाकडं हलगी पिढीजात. माझ्या आज्याला गावानं बोलावलं की जावंच लागायचं, विचारायची सोय नव्हती. तो मैदानाच्या बाहेर, सगळ्यांच्या पाठीमागं उभा राहून वाजवायचा. त्याला कुस्ती दिसायचीसुद्धा नाही. लोकांच्या ओरड्यावरून तो अंदाज घ्यायचा. माझा बाप ज्ञानू, आम्ही त्याला बापू म्हणायचो, यानं एका वर्षी सांगितलं की मी येईन, पण मातीच्या कडेला उभा राहीन, मला पैलवान दिसला पाहिजे. त्यावरून बरंच रामायण झालं. पण बाप हटला नाही, आणि एकदा लोकांनी डोळ्यासमोर वाजणारी हलगी ऐकल्यावर पुन्हा कुणी त्याला मागं जा म्हणालं नाही. आम्ही उभे राहतो ती जागा त्यानं मिळवलेली आहे. रमजानलाही घुमकं त्यानंच शिकवलं, शेजारचा पोरगा म्हणून.

तर पलूसकडच्या एका गावाचं मैदान. नाव लिहीत नाही, माणसं चांगली आहेत. आमच्या हंगामातलं हे सगळ्यात मोठं मैदान आणि बापाच्या काळापासून ते आमच्याकडं. यंदा जत्रेच्या आधी कमिटीचे सेक्रेटरी विश्वजितराव यांचा फोन आला. तरणा, हुशार माणूस, ट्रॅक्टरचं दुकान आहे. म्हणाले, मैदान यंदा मोबाइलवर जगभर थेट दिसणार, मोठा पडदा लावणार, ड्रोन उडणार. मी म्हटलं, छान. मग जरा चाचरत म्हणाले की तुम्ही देवळापासूनच्या मिरवणुकीला या, मैदानात मात्र हलगी स्पीकरवर लावणार आहोत. शूटिंगवाल्यांचं म्हणणं, जवळ हलगी वाजली की निवेदकाचं बोलणं कुणाला कळत नाही.

मी फोन ठेवला आणि सरळ सांगून टाकलं की जायचं नाही. माझा राग घरात सगळ्यांना माहीत आहे, कुणी समजावायला आलं नाही. मला वाईट वाटलं ते एका मैदानाचं नव्हतं. हे मैदान बघून बाकीची गावं ठरवतात. यंदा इथं स्पीकर, तर पुढच्या वर्षी सगळीकडं स्पीकर, आणि आम्ही पुन्हा सगळ्यांच्या पाठीमागं. बापानं मिळवलेली जागा माझ्या हातून जाणार, हेच डोक्यात फिरत राहिलं.

रमजान दुकान बंद करून आला. त्याला सगळं मोठ्यानं सांगावं लागलं. तो म्हणाला, "मिरवणूक देवाची हाय नव्हं? मग कमिटीवर राग काढून देवाला कशाला उपाशी ठेवतोस? जाऊ या." सदा म्हणाला, "दाजी, रमजानभाई बरोबर बोलत्यात." दोघं एका बाजूला झाले की माझं चालत नाही.

मिरवणूक दणक्यात झाली. मी सगळा राग हलगीवर काढला, त्यामुळे जरा जास्तच दणक्यात झाली. मैदानाशी आलो, नारळ फुटला आणि विश्वजितरावांनी आम्हाला हात जोडून कडेच्या लिंबाखाली बसायला सांगितलं. चहा पाठवला. चहा चांगला होता, हेही कबूल करतो. आम्ही वाद्यं बुंध्याला टेकवून ठेवली.

मग स्पीकर सुरू झाला. सदा चहाचा कप तोंडाशी धरून थांबला आणि म्हणाला, "दाजी, ही आपलीच हलगी हाय की."

नीट ऐकलं तर खरंच. घुमक्याला रमजानची जी दुहेरी थाप आहे ती या मुलखात दुसऱ्या कुणाची नाही. गेल्या वर्षी याच मैदानात एक नंबरच्या कुस्तीला आम्ही वाजवलेलं कुणीतरी नीट रेकॉर्ड केलं होतं, तेच पेन ड्राइव्हवर. म्हणजे आम्हाला काढून आम्हालाच लावलं होतं. खरं सांगतो, मला थोडं बरंही वाटलं. मी मोठ्या स्पीकरवर स्वतःला कधी ऐकलं नव्हतं.

लहान कुस्त्या पटापट निघाल्या. दोनचार मिनिटांत निकाल, की स्पीकरवाला बटण दाबून बंद करायचा, पुढच्या कुस्तीला पुन्हा सुरुवातीपासून लावायचा. कुणाला काही खटकलं नाही. दिवस कलायला लागला आणि एक नंबरची जोड मातीत आली. एक गावचाच पैलवान, सगळ्या पंचक्रोशीचा लाडका. दुसरा आमच्या सातारा जिल्ह्यातला, माण भागातला, सावळा, गप्प पोरगा. त्याच्याबरोबर त्याचे वस्ताद आणि पाचसहा माणसं, बास. निकाली कुस्ती, म्हणजे कुणाची तरी पाठ लागल्याशिवाय सुटणार नाही.

कुस्ती लांबली आणि तेव्हा गंमत दिसायला लागली. आत दोघं नुसते हात झटकतायत आणि स्पीकर चढत चाललाय. गावच्या पैलवानानं पोराला खाली घेऊन कब्जा घेतला, लोक उभे राहिले, तर स्पीकर संथ. ती हलगी गेल्या वर्षीची कुस्ती बघत होती. लोकही अवघडले, ओरडायचं कधी ते त्यांना समजेना.

आणि एकदम मला पुढचं दिसलं. गेल्या वर्षीची कुस्ती मला पाठ होती. त्यात दोनदा डाव फसला, दोनदा आम्ही चढवून खाली उतरलो आणि तिसऱ्यांदा निकाल लागला. स्पीकरवर दुसरा चढ येऊन गेला होता. म्हणजे आता पुढं निकाल होता, तीन ठोके आणि बंद.

मी उठून पळत सुटलो. गर्दीत शिरलो, स्पीकरवाल्याकडं हात करून ओरडणार तेवढ्यात माझ्याच लक्षात आलं की याला सांगायचं काय? बंद कर म्हणालो तरी हलगी थांबणारच. चालू ठेव म्हणालो तरी थांबणारच. उपाय एकच, आम्ही तिथं उभं राहून वाजवायचं, आणि माझी हलगी लिंबाखाली गार पडलेली. मी ती आणायला मागं वळलो. तिसरा चढ सुरू झाला होता. मी आयुष्यात स्वतःच्या वाजवण्याला एवढा कधी भ्यालो नाही.

तीन ठोके पडले. स्पीकर बंद झाला.

गावच्या पैलवानानं पकड सोडली. त्याला वाटलं पंचांनी कुस्ती सोडवली. तो गुडघ्यावर उठून पंचांकडं बघायला लागला आणि खालचा पोरगा सुटल्या सुटल्या वळला, त्याच झटक्यात त्यानं गावच्या पैलवानाला उताणा पाडला. पाठ स्वच्छ लागली. ज्याला कुस्ती कळते त्या प्रत्येकाला ती दिसली.

त्यानंतर जो आवाज उठला तो मला सांगता येणार नाही. निम्मं गाव मातीत उतरलं. कुणी म्हणे दगा, कुणी म्हणे पाठ लागली ती लागली. माणची पाचसहा माणसं पैलवानाभोवती कडं करून उभी राहिली आणि त्यांच्या चेहऱ्यांकडं बघवत नव्हतं. पंच हातांनी लोकांना मागं सारत होते. निवेदक माइकवरून बसा बसा म्हणत होते, कुणी बसत नव्हतं. विश्वजितरावांचा चेहरा पांढरा पडला होता. एका दगडाची देर होती.

तेव्हा माणच्या त्या पोरानं निवेदकांच्या हातातून माइक घेतला. त्याचे वस्ताद नको नको म्हणत होते, जिंकलेली कुस्ती कोण सोडतं? पोरगा एवढंच बोलला, "मला असली जीत नगं. ह्येंनी हलगी थांबली म्हनून सोडलं, मीबी असतो तर सोडलं असतं. हलगीवाल्यांस्नी बोलवा. मी पुन्हा धरतो."

मैदानातली सगळी तोंडं लिंबाकडं, आमच्याकडं वळली.

विश्वजितराव पळतच आले. "काका, चला. आमचं चुकलं."

मी म्हटलं, "हलगी गार पडलीया. शेकल्याबिगर न्हाई वाजायची."

मग हजारो माणसांसमोर, लाल मातीच्या कडेला, विश्वजितरावांनी स्वतः शेजारच्या रानातून पाचटाची पेंडी आणली, स्वतः काडी लावली. मी हलगी जाळावर धरली. फिरवली, बोटानं वाजवून बघितली, पुन्हा धरली. एवढा वेळ लागत नाही. पण मघाशी दगड शोधणारी माणसं आता मांडी घालून, एका कातड्याला शेक लागतोय ते बघत बसली होती आणि त्यांचा राग उतरायला जेवढा वेळ हवा होता तेवढा मी घेतला. थोडा माझ्यासाठीही घेतला, खोटं कशाला बोलू? वरून ड्रोन घरघरत होता. सदा म्हणाला, "दाजी, आता जगभर आपलं पाचट दिसतंय."

मी पहिला ठोका मारला. हलगी खणकन बोलली आणि लोकांनी जी आरोळी दिली ती मी विसरणार नाही.

ती कुस्ती आम्ही वाजवली तशी पुन्हा वाजवता येईल असं वाटत नाही. रमजानला गर्दी ऐकू येत नाही, तो माझ्या काठीकडं बघत होता. मी पैलवानांच्या पायांकडं बघत होतो. खडाखडी, मग गावच्या पैलवानानं पुन्हा कब्जा घेतला, आम्ही चढवलं, माणच्या पोरानं सोडवून घेतलं, आम्ही उतरलो. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा त्या पोरानं एकदम उठून ढाक हा डाव मारला आणि गावचा पैलवान उचलला जाऊन असा पडला की पंचांना वाकून बघायचीसुद्धा गरज नव्हती. मी तीन ठोके दिले आणि थांबलो. या वेळी कुणाच्या मनात शंका नव्हती.

ज्याला थोड्या वेळापूर्वी मार पडणार होता त्याला गावानं खांद्यावर घेतलं. पहिला हात घातला तो हरलेल्या पैलवानानं. आम्ही पुढं, मागं खांद्यावरचा पोरगा, अशी मैदानाला फेरी सुरू झाली. निवेदक रिवाजाप्रमाणे पुकारा करत होते: पैलवानाचं नाव, गाव, वस्ताद. त्यांचा आवाज हलगी चालू असूनही स्वच्छ ऐकू जात होता, शूटिंगवाल्यांनी काळजी करायचं कारण नव्हतं. तो पुकारा झाला आणि ते माइक घेऊन आमच्याबरोबर चालायला लागले. त्यांनी पुकारलं, हलगीला श्रीपती, घुमक्याला रमजान मुलाणी, कैताळाला सदा, गाव औंधशेजारी. हलगीवाल्यांचं नाव मैदानात पुकारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी माइक बाजूला धरला आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, "वस्ताद कोन तुमचं?"

हलगीवाल्याला वस्ताद असतो असं कुणी मानत नाही, त्यामुळे मला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारलेला नव्हता. मी हात न थांबवता नाव सांगितलं. त्यांनी माइक तोंडाशी नेला आणि पैलवानाच्या वस्तादाचं घेतलं होतं त्याच आवाजात, सगळ्या मैदानावर, माझ्या बापाचं नाव घेतलं. "वस्ताद, ज्ञानू हलगीवाले."

रमजाननं माझ्या तोंडाकडं बघितलं. काहीतरी झालंय एवढं त्याला कळलं होतं. तो ओरडला, "काय म्हनला त्यो?"

मी ओरडून सांगितलं, "बापूचं नाव घेतलं. आपला वस्ताद म्हनून."

रमजानचा ठेका चुकला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. सदानं कैताळ जोरात मारून सांभाळून घेतलं. एरवी चुकलेल्या ठेक्यावरून मी माणसाचा आठवडाभर जीव खातो, पण त्या वेळी मी त्याला काही म्हणालो नाही. डोळे इतके भरले होते की मला माझी हलगीच दिसत नव्हती. हात आपले वाजवत होते.